मुळशीचे सेनापती : पांडुरंग महादेव बापट

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापटांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज हजारो लोक जातात-येतात. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी जयंतीनिमित्त भरविलेल्या प्रदर्शनात एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न केला, "सेनापती म्हणजे कोणत्या सैन्याचे?" शेजारी उभे असलेले त्याचे गुरुजीही क्षणभर विचारात पडले. प्रश्न बिनतोड होता. बापटांनी कधी कोणत्याही सैन्यात नोकरी केली नाही. 'सेनापती' ही पदवी त्यांना पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्याच्या लढ्याने मिळाली आणि त्या लढ्यातील सैन्य होते भातशेती करणाऱ्या मावळ्यांचे. त्यांच्यासमोर प्रश्न होता तो धरणाखाली जाणाऱ्या जमिनीचा. भूसंपादन आणि पुनर्वसन या विषयांशी ज्यांचा नित्य संबंध येतो अशा अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी हे चरित्र या दृष्टीने पुन्हा एकदा वाचावे, असे वाटते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे अवर्षणप्रवण गाव. घरची परिस्थिती बेताची असली तरी मुलगा बुद्धीने तल्लख होता. शिष्यवृत्त्यांच्या बळावर त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली यंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठी ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. तेथे हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीसंबंधी त्यांनी परखड भाषण केले व त्याची किंमत म्हणून शिष्यवृत्ती गमावली. पुढे लंडनमधील पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांच्या 'इंडिया हाऊस'शी आणि तेथील तरुण क्रांतिकारकांशी त्यांचा निकट संबंध आला. बाँब तयार करण्याची विद्या हस्तगत करण्यासाठी त्यांना पॅरिसला पाठविण्यात आले. बंगालचे हेमचंद्र दास त्यांच्यासमवेत होते. रशियन क्रांतिकारकांकडून मिळालेल्या माहितीपुस्तिकेचे भाषांतर करवून, तिच्या प्रती घेऊन बापट १९०८ मध्ये स्वदेशी परतले.

त्याच वर्षी मुझफ्फरपूरची घटना घडली, कलकत्त्यात माणिकतळ्याच्या बागेवर छापा पडला आणि अलीपूरचा प्रसिद्ध खटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदाराने बापटांचे नाव घेतल्यामुळे त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे चार वर्षे नाव पालटून, गावोगाव भटकून त्यांनी काढली आणि १९१२ मध्ये ते पोलिसांच्या हाती लागले. पुरेसा पुरावा नसल्यामुळे त्यांची पुढे सुटका झाली.

येथवरची हकीकत त्या काळातील अनेक क्रांतिकारकांच्या चरित्रांशी जुळणारी आहे. बापटांचे वेगळेपण यापुढे दिसू लागते. पारनेरला परतल्यावर या परदेशी शिकून आलेल्या पदवीधराने पहाटे उठून हातात झाडू घेतला आणि गावातील रस्ते व शौचकूप स्वच्छ करण्याचे व्रत अंगीकारले. १९१४ साली मुलाच्या बारशाच्या वेळी पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसविली. गावातील प्रतिष्ठितांना हे रुचले नसेल, हे सांगावयास नकोच. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' पत्रात व डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशात त्यांनी काही काळ काम केले, आणि मुंबईतील झाडूवाल्या कामगारांच्या संपात ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाँबची पुस्तिका आणि झाडू ही दोन्ही साधने एकाच माणसाच्या हातात यावीत, याचे आजही अनेकांना नवल वाटते. बापटांना मात्र त्यात काही विसंगत वाटत नसावे. राज्य परकीयांचे असो वा रूढीचे, ज्याच्यावर त्याचा भार पडतो त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावयाचे, एवढेच त्यांचे सूत्र दिसते.

या सूत्राची कसोटी मुळशीला लागली.

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत नीला आणि मुळा या नद्यांचे खोरे आहे. पाऊस भरपूर, जमीन खाचरांची आणि पीक भाताचे. येथील आंबेमोहोर तांदळाचा लौकिक दूरवर होता. या खोऱ्यात धरण बांधून पाणी अडवावे, ते बोगद्याने घाटाखाली भिरा येथे सोडावे आणि त्यावर वीज निर्माण करून ती मुंबईला पुरवावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. मुंबईच्या गिरण्यांना कोळशापेक्षा स्वस्त वीज हवी होती. खोपोली येथील कंपनीचे वीजगृह त्यापूर्वीच, १९१५ मध्ये, सुरू झालेले होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने योजना उत्कृष्ट होती यात शंका नाही. स्वतः यंत्रशास्त्र शिकलेल्या बापटांना विजेचे मोल कळत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे अकरा हजार माणसांचे संसार जाणार होते. त्यांना कोणी विचारले होते काय, हा त्यांचा प्रश्न होता.

कायद्याने विचारण्याची आवश्यकता नव्हती, आणि ही बाब नीट समजून घेण्याजोगी आहे. संपादन झाले ते १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमाखाली. या अधिनियमातील एका स्वतंत्र भागान्वये शासनाला खाजगी कंपनीसाठीही जमीन संपादन करता येत असे. कंपनीने शासनाशी करारनामा करावा, काम लोकोपयोगी असल्याचे शासनाने मान्य करावे, की पुढील कार्यवाही सार्वजनिक कामाप्रमाणेच चाले. जमीनधारकाला मोबदल्याच्या रकमेबद्दल तक्रार करता येत असे, न्यायालयात दाद मागता येत असे. परंतु मुळात माझी जमीन घेऊच नका, असे म्हणून सुनावणी मागण्याची तरतूद त्या वेळच्या अधिनियमात नव्हती. हरकत ऐकून घेण्याचे ५-अ हे कलम त्यात घातले गेले ते १९२३ मध्ये. तोपर्यंत मुळशीचा लढा मध्यावर आलेला होता.

मोबदल्याचा प्रश्नही वरवर दिसतो तितका सरळ नव्हता. खोऱ्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या नावावर चढलेल्या होत्या. कसणारा मावळा हा कूळ म्हणून राबत होता. अशा स्थितीत मोबदल्याची रक्कम वाढवून मिळावी ही सावकाराची मागणी असे, आणि जमीनच जाऊ नये ही कसणाऱ्याची. लढ्यात पुढे जी फूट पडली तिचे मूळ येथे आहे. शेतमजूर, बलुतेदार आणि ज्यांच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती अशांचा तर मोबदल्याच्या हिशेबात विचारच नव्हता. आजही एखादा सातबारा हातात घेऊन 'बाधित' कोण हे ठरविताना ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सुमारे बाराशे सत्याग्रही धरणाच्या जागेवर चालून गेले आणि त्यांनी काम थांबविले. त्यात मावळे होते, त्यांच्या स्त्रिया होत्या आणि पुण्याहून आलेले कार्यकर्तेही होते. बापट व विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख. महात्मा गांधींनीही १९२१ मध्ये 'यंग इंडिया'तून या प्रश्नावर लिहून टाटांना गरिबांच्या हक्काची जाणीव करून दिली. काही काळ काम स्थगित राहिले. पुढे ते पुन्हा सुरू झाले तेव्हा अटकसत्रही सुरू झाले. बापटांना प्रथम सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते पुन्हा मुळशीत गेले, पुन्हा तुरुंगात गेले.

दरम्यान लढ्याची शक्ती ओसरत चालली होती. सावकार मोबदल्याकडे वळले, पुण्यातील पुढाऱ्यांचा उत्साह मंदावला आणि राष्ट्रीय चळवळीचे लक्ष इतरत्र गेले. अखेर १९२४ मध्ये बापटांनी निवडक साथीदारांसह धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली. त्यात शस्त्रांचा वापर झाला. गांधीजींच्या अहिंसेच्या चौकटीत हे बसणारे नव्हते आणि बापटांनीही ते लपविले नाही. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व ती सिंध प्रांतातील हैदराबादच्या तुरुंगात भोगावी लागली. बापटांच्या या अखेरच्या कृतीने लढ्याचे हित झाले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र तीन वर्षे निःशस्त्र मार्गाने जाऊनही ज्यांचे ऐकले गेले नाही त्यांच्या मनःस्थितीचा विचार केल्यावाचून तिचे मूल्यमापन करणेही योग्य ठरणार नाही.

धरण पुरे झाले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. खोऱ्यातील माणसे पांगली, काही वरच्या डोंगरउतारावर गेली, काही मजुरीसाठी शहरांकडे. मोबदल्याचा मोठा वाटा कर्जापोटी सावकारांच्या हाती पडला.

बापटांचे उर्वरित चरित्र येथे थोडक्यातच सांगता येईल. १९३१ साली ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. भाषणाबद्दल पुन्हा दीर्घ शिक्षा झाली, ती संपून ते बाहेर आले १९३७ च्या जुलैत. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकच्या महाराष्ट्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यातील ध्वजारोहणाचा मान त्यांना मिळाला. साठीसत्तरीच्या वयात, जेव्हा सामान्य माणूस घरी स्वस्थ बसतो, तेव्हा हे गृहस्थ गोवा मुक्तीच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी होते. तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर त्यांनी विपुल लेखन केले. श्रीअरविंदांच्या 'दिव्य जीवन' या ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला, ही गोष्ट त्यांना केवळ बाँबवाले समजणाऱ्यांस ठाऊक नसते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मुळशीचा प्रश्न मात्र त्यांच्यासमवेत संपला नाही. स्वातंत्र्यानंतर शासन आपले झाले, धरणेही आपली झाली, आणि कोयनेपासून पुढे एकामागून एक खोऱ्यांतील लोकांवर तीच पाळी आली. पाण्याचा व विजेचा लाभ ज्यांना झाला ते एकीकडे आणि ज्यांची गावे गेली ते दुसरीकडे, हे चित्र बदलावयास बराच काळ लागला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र अधिनियम केला. अशा प्रकारचा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. लाभक्षेत्रातील जमिनीतून विस्थापितांना जमीन द्यावी, नव्या गावठाणात नागरी सुविधा पुरवाव्यात, या गोष्टी त्यामुळे मेहेरबानीच्या न राहता कायद्याच्या झाल्या. पुढे १९८६ व १९९९ मध्ये त्यात सुधारणा होऊन नवे अधिनियम आले. अंमलबजावणीत किती उणिवा राहिल्या हे पुनर्वसित गावठाणांत काम केलेल्या कोणाही तलाठ्याला वा सरपंचाला विचारावे. नळ आहे पण पाणी नाही, जमीन मिळाली पण ताबा नाही, अशा तक्रारी दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे आहेत.

ज्या अधिनियमाखाली मुळशी पेट्याच्या जमिनी गेल्या, तो १८९४ चा अधिनियम अनेक दुरुस्त्यांसह देशात तब्बल ११९ वर्षे लागू होता. संसदेने २०१३ मध्ये नवा कायदा केला व तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खाजगी कंपनीसाठी संपादन करावयाचे झाल्यास बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची पूर्वसंमती त्यात आवश्यक ठरविण्यात आली. बाधितांच्या व्याख्येत त्या जमिनीवर पोट असलेले कूळ आणि शेतमजूरही आले. रामनवमीच्या त्या सकाळी धरणाच्या पायात जाऊन बसलेल्या मावळ्यांनी जे मागितले होते, त्याला त्र्याण्णव वर्षे होत आली होती.