घरच्यांच्या हाती बरंच आहे

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला ऐकू येणारे आवाज त्याच्यासाठी खरे असतात. ‘असं काही नसतं रे,’ म्हणून वाद घातला की तो आणखी मिटतो. ‘घाबरलास का? मी आहे इथे,’ याने धीर येतो.

कॅलगरीतले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचं हेच आजारपण घरात अनुभवलं. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘सा’ ही संस्था उभी राहिली, याच आजारावरचा २००४चा ‘देवराई’ चित्रपटही झाला. रुग्णाइतकीच आधाराची गरज त्याला सांभाळणाऱ्यालाही असते, हे ‘सा’च्या स्वमदत गटांनी ओळखलं. हे फार मोलाचं काम आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, मानसिक उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी नेमू शकते. प्रकृती बरी असतानाच हे करून ठेवावं. आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच बरोबरीने संरक्षण देणंही याच कायद्याने बंधनकारक आहे.

गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. बरं वाटलं तरी नाही.

जवळचं माणूस मरणाची भाषा बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. नातेवाइकांनीही निःसंकोच फोन करावा.