कोडिंग नवीन शिकताय? मीटअपला जायचं कसं, आणि तिथे विचारायचं काय

ग्वाल्हेर : फूलबाग म्हटलं की इथल्या मराठी घरांना आठवतं ते राणी लक्ष्मीबाईंचं समाधीस्थळ आणि संध्याकाळची चौपाटी. याच शहरात १९५७ पासून माधव इन्स्टिट्यूट आहे, १९९७ पासून ट्रिपल आयटीएम आहे. म्हणजे कोडिंग शिकणारी पोरं ग्वाल्हेरला नवी नाहीत. अडचण वेगळीच आहे. जो कॅम्पसच्या आत आहे त्याला सीनियर असतात, क्लब असतात. लष्करातल्या एखाद्या गल्लीत बी.कॉम. करता करता मोबाइलवर व्हिडिओ बघून पायथॉन शिकणाऱ्याला कोणीच नसतं. त्याचा प्रोग्राम अडला की आठ-आठ दिवस अडून राहतो, आणि मग शिकणंच सुटतं. निपाणी, बिदर, बऱ्हाणपूर, सगळीकडे हीच गत.

यावर जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे मीटअप. एकाच विषयाची आवड असणारी माणसं महिन्यातून एकदा जमतात, दोघं-तिघं काही मांडतात, बाकीचे ऐकतात, विचारतात, चहा पितात. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट.

५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. स्टीव्ह वॉझ्नियाक तिथे होता. तसा तो एचपी कंपनीत इंजिनिअर, पण चर्चा निघाली मायक्रोप्रोसेसरवर आधारलेल्या नव्या संगणकांची, आणि त्यात तो मागे पडला होता. बुजून गप्प बसला. मात्र तिथे मिळालेला माहितीचा कागद घरी नेऊन त्याने वाचून काढला, आणि ॲपल-१ ची कल्पना तिथूनच निघाली. पुढे त्या मशीनच्या आराखड्याच्या प्रती त्याने क्लबातच फुकट वाटल्या. आपल्याकडे पायकॉन इंडिया हे पायथॉनवाल्यांचं संमेलन २००९ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं, २०११ मध्ये पुण्यात भरलं. तेही स्वयंसेवकांच्याच जिवावर.

आता प्रत्यक्ष जायचं तर आधी नाव नोंदवा. कंपनीच्या ऑफिसात कार्यक्रम असेल तर गेटवर ओळखपत्र मागतात. नोंदवून जाणार नसाल तर रद्द करा. पंगतीत पान मांडून ठेवावं आणि पाहुण्याने येऊ नये, तसं ते होतं. लॅपटॉप असेल तर चार्ज करून न्या. नसेल तर वही चालते.

पहिल्या दिवशी निम्मं डोक्यावरून जाणार, हे गृहीत धरा. न कळलेले शब्द लिहून घ्या, घरी शोधा. खरा फायदा भाषणांपेक्षा मधल्या चहाच्या वेळात असतो. तिथे “मला कोडिंग येत नाही, काय करू?” असं विचारलं तर समोरचाही काय सांगणार? त्याऐवजी “फाइल उघडताना ही एरर येते, हे दोन प्रकार करून पाहिले, तरी जात नाही” असं सांगा, कोड दाखवा. अनुभवी माणूस पाच मिनिटांत बोट ठेवतो.

भाषेचा बाऊ अनेकांना असतो. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी इकडे बोलणं हिंदीमिश्रितच चालतं, आणि ग्वाल्हेरच्या मराठी पोराला हिंदी काय परकी? बेळगावचा मुलगा हुबळी-बेंगळुरूला गेला तर मोडक्या कन्नड-इंग्रजीतही निभावतं. एररचा मजकूर सगळ्यांना एकच दिसतो.

मुलींची अडचण मात्र खरी आहे. वेळ संध्याकाळची, खोलीत दहा मुलगे आणि एक मुलगी, घरचे का पाठवतील? अशाच मुलींसाठी २०१४ मध्ये बर्लिनला जँगो गर्ल्स सुरू झालं : महिलांसाठी एक दिवसाची मोफत कार्यशाळा, अगदी पहिल्या पायरीपासून. पुढे अनेक देशांत ती झाली. आयोजकांना दुपारची वेळ ठेवायला सांगणं, मैत्रिणीला सोबत नेणं, हे तर इथेही जमतं.

फुकट म्हणजे खर्च नाही असं नव्हे. हॉल आणि चहाचे पैसे बहुधा एखादी कंपनी देते, बदल्यात तिला माणसं हेरायची असतात किंवा आपला माल दाखवायचा असतो. त्यात वावगं नाही. पण “आधी पैसे भरा, इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट पक्कं” असं कोणी म्हणालं तर तो मीटअप नव्हे, दुकान आहे. तिथून उठा.

आणि गावात मीटअपच नसेल तर? तिघं जण पुरेत. महिन्याचा एक रविवार ठरवा आणि तो हलवू नका. वार बदलत गेला की माणसं तुटतात. कॉलेजातल्या एखाद्या सरांकडे वर्गखोली मागा, वाचनालयात विचारा. तोवर फूलबागेसारखी उघडी जागाही चालते, बॅटरी टिकेल तेवढा वेळ. प्रत्येकाने महिनाभरात अडलेली एकच गोष्ट घेऊन यायची, एवढा नियम सुरुवातीला बास.