विश्रामबागेतील बिऱ्हाडे

पेशव्यांच्या राजवाड्यांची यादी करावयास बसले, तर पुण्यात नावे पुष्कळ सापडतात आणि वास्तू मात्र जवळजवळ सापडत नाहीत. शनिवारवाड्याच्या आतील प्रासाद १८२८ च्या आगीत जळाला आणि तट, बुरूज, दरवाजे व जोती तेवढी उरली. बुधवारवाडा १८७९ साली त्याच वाटेने गेला. शुक्रवारवाड्याची जागा दाखवावयास आता जाणता माणूस सोबत घ्यावा लागतो. या साऱ्या पडझडीतून बाजीराव रस्त्यावर, शनिपाराच्या अंगाला, रहदारीवर आपला नक्षीदार लाकडी सज्जा काढून उभा असलेला विश्रामबागवाडा तेवढा वाचला. आणि तो का वाचला, या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या सौंदर्यापेक्षा त्यात एकामागून एक येऊन राहिलेल्या शाळांत आणि कचेऱ्यांत अधिक सापडते.

वाड्याचा मूळ धनी दुसरा बाजीराव. वसईच्या तहाने राज्याची सूत्रे इंग्रजांच्या स्वाधीन करून बसलेल्या या पेशव्याने १८०७ च्या सुमारास सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून तो उभारला आणि उणीपुरी अकरा वर्षे त्याचा उपभोग घेतला. १८१८ मध्ये सालिना आठ लाखांची नेमणूक पदरात घेऊन तो बिठूरला गेला, तो पुन्हा पुण्यास आला नाही. राज्याला उतरती कळा लागली असता सुतारांचे आणि गवंड्यांचे हात मात्र ऐन भरात होते, ही विसंगती या वाड्याच्या दर्शनी भागाइतकी स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल. सुरूच्या वृक्षाची आकृती घेऊन वर निमुळते होत गेलेले खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी, आणि कोरीव कामात उतरलेली केळफुले पाहताना, ही कला मरणासन्न दरबाराच्या पदरी होती, हे खरे वाटत नाही.

परंतु नक्षीहूनही महत्त्वाची गोष्ट तिच्या आड आहे. पुणेरी वाड्याचे जोते काळ्या पाषाणाचे. त्यावर सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट यांचा सांगाडा, कुसू साळीत बसवून आणि पाचर ठोकून बांधलेला. आणि भार मुख्यतः या सांगाड्याने पेलला असल्यामुळे आतल्या भिंतीचे काम बहुतांशी आडोशाचे. वास्तू मोजावयाची ती खणांनी. सोपा अमुक खणांचा, दिवाणखाना तमुक खणांचा, असा हा हिशेब असे. आणि म्हणूनच धनी गेल्यावर येणाऱ्या प्रत्येक भाडेकऱ्याला, मग तो शास्त्रीबोवा असो की अव्वल कारकून, आपल्या गरजेपुरते खण घेऊन तेथे संसार थाटता आला. जुन्या इमारतीला नवे काम देण्याची जी विद्या आज वास्तुविशारद परिषदांमधून मांडतात, तिची सोय या सुतारांनी न बोलता करून ठेवली होती.

पहिले नवे बिऱ्हाड आले ते संस्कृत पाठशाळेचे. पेशवे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटीत, तिच्या निधीतून काही रक्कम काढून कमिशनर चॅप्लिन यांच्या अमदानीत ६ ऑक्टोबर १८२१ रोजी या वाड्यात ती पाठशाळा सुरू झाली. जित राज्यातील विद्वद्वर्ग सांभाळावा, ही गव्हर्नर एल्फिन्स्टनची राजनीती त्यामागे होती, हे उघडच आहे. पण हेतू काहीही असो, छप्पर गळू लागले तर तक्रार करणारी माणसे वाड्याला मिळाली. शब्दकोशकार मेजर कँडी यांनी येथे देखरेख केली, कृष्णशास्त्री चिपळूणकर येथे शिकले, आणि १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी एकरूप होऊन हीच संस्था पूना कॉलेज झाली. १८६८ मध्ये ती येरवड्याच्या बाजूस आपल्या स्वतंत्र इमारतीत गेली आणि डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आली. म्हणजे ज्या वाड्यात पेशवाई अस्तास गेली, त्याच वाड्यात महाराष्ट्राच्या नव्या विद्येने डोळे उघडले. फलकावर मात्र बाजीरावाचेच नाव ठळक असावयाचे.

१८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाड्याबरोबर विश्रामबागेलाही आग लावण्यात आली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार आधीच हादरले होते, त्यात ही भर पडली. पुढे या प्रकरणी सरकारी पुस्तकांच्या डेपोतील एका नोकराला शिक्षा झाली. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिका यांच्या पैशाने पुन्हा बांधला गेला, याचे कारण भक्ती नव्हे, जागेची निकड. पुढे नगरपालिकेचीच कचेरी येथे नांदली आणि १९५० मध्ये महानगरपालिका झालेली ती संस्था आपल्या नव्या इमारतीत जाईपर्यंत पुण्याचा कारभार पेशव्याच्या चौकांतून चालला.

कचेरीने वाडा राखला तसा तो विद्रूपही केला, हे लपवण्यात अर्थ नाही. अशा वास्तूंत सरकारी वहिवाट म्हणजे काय, हे ठराविक आहे: सागवानावर तैलरंगाचे थरावर थर, दोन खांबांच्या मध्ये फळ्यांचे आडपडदे, महिरपीतून ओवलेल्या विजेच्या तारा, आणि जेथे चुना सुटला तेथे सिमेंटचा लपका. यांतील शेवटचा अपराध सर्वांत घातक. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती कोंडते, मग ती ओल लाकडाच्या भिंतीत दडलेल्या टोकाशी जाते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून पोखरली जाते. गेल्या दोन दशकांत महापालिकेने टप्प्याटप्प्याने जे जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले, त्यासारख्या कामाचा मोठा वाटा नवे करण्याचा नसून असले जुने उपद्व्याप उतरवण्याचाच असतो: रंग खरवडणे, सिमेंट काढून पुन्हा घाणीत मळलेला चुना लावणे, तुळईचे कुजलेले टोक तेवढे कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देणे. आगीनंतरचा भाग पाडून सारे ‘अस्सल पेशवाई’ करावे असे म्हणणारे रसिकही भेटतात. मला ते पटत नाही. पुणेकरांनी वर्गणी काढून बांधलेल्या भिंती बाजीरावाच्या भिंतींहून कमी ऐतिहासिक कशा?

खाजगी वाड्यांचे नशीब इतके बलवत्तर नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात कौले बदलणेही मालकास परवडेना, भाडेकरू हक्क सोडीना, आणि अखेर दोघांचा तंटा मिटवण्यास बिल्डर आला. पेठांतील कितीतरी चौकांच्या जागी आज सदनिका आहेत. त्याबद्दल मालकांना दोष देणे सोपे, परंतु ज्या समाजाने या वाड्यांचे वारसा म्हणून कौतुक केले त्याने दुरुस्तीचा खर्च कधी वाटून घेतला नाही.

विश्रामबागेत आता शहराच्या वाटचालीचे प्रदर्शन मांडलेले आहे, आणि तळमजल्यावर टपाल कचेरीही नांदली. प्रदर्शन पाहणारा एकदा येतो, पाकीट टाकणारा पुन्हा पुन्हा येतो. म्हणून माझा कौल दुसऱ्याकडे. नगरपालिकेची जुनी इतिवृत्ते आणि पुण्याचे नकाशे यांचे वाचनालय येथे थाटावे, असे मला वाटते. मात्र कागद हा फार जड पदार्थ आहे. कपाटे तळमजल्यावर जोत्याच्या आधारानेच ठेवावीत, आणि वरच्या दिवाणखान्यात व्याख्यानास माणसेही मोजूनच सोडावीत.