शिफारस एकाची, निर्णय दुसऱ्याचा
लेखमाला : दर्जाची मोहोर (लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात नॅकच्या पिअर टीमचा दौरा आपण पाहिला. एक्झिट मीटिंग झाली, अहवालावर टीमच्या आणि प्राचार्यांच्या सह्या झाल्या, पाहुणे परतीच्या वाटेला लागले. अहवालात महाविद्यालयाची बलस्थाने असतात, उणिवा असतात, पुढे काय करावे याच्या सूचना असतात. फक्त ज्याची सगळे वाट पाहत असतात ती ग्रेड त्यात नसते. टीमने दिलेले गुण गोपनीय असतात आणि ते थेट बंगळुरूला जातात. मग स्टाफरूममध्ये एकच प्रश्न फिरू लागतो, ‘निकाल कधी?’ तो निकाल लावते कोण, हा आजचा विषय.

मंगळवेढा, सांगोला, माळशिरस तालुक्यांतून एसटीने पंढरपूरला शिकायला येणाऱ्या मुलांच्या घरी ‘ए ग्रेडचं कॉलेज आहे’ एवढीच माहिती पोहोचते. तो ‘ए’ कोणी दिला, कशावरून दिला, हे जाणून घेण्याचा त्या घरांना पूर्ण हक्क आहे. त्यांच्या पोराची तीन वर्षे त्या अक्षरावर बेतलेली असतात.

उत्तर प्रमाणपत्रावरच छापलेले असते. प्राचार्यांच्या दालनात काचेच्या चौकटीत ते लावलेले दिसते. पुढच्या वेळी गेलात तर जवळ जाऊन वाचा. त्याचा आशय असा, की रीतसर नेमलेल्या पिअर टीमच्या शिफारशीवरून नॅकची कार्यकारी समिती हे महाविद्यालय अमुक सीजीपीए आणि अमुक ग्रेडसह मूल्यांकित झाल्याचे जाहीर करत आहे. म्हणजे टीम शिफारस करते आणि निर्णय कार्यकारी समिती घेते. ज्यांनी तुमची प्रयोगशाळा पाहिली, ग्रंथालयात नोंदवही चाळली, मुलींशी बोलले, त्यांच्या हाती निर्णय नाही. ज्यांच्या हाती आहे, त्यांनी पंढरपूर पाहिलेलेही नसेल.

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये स्थापन केली. तिच्या शिरोभागी सर्वसाधारण परिषद असते आणि आयोगाचे अध्यक्ष तिचे अध्यक्ष असतात. प्रत्यक्ष कारभार मात्र कार्यकारी समितीच्या हातात. तिचे अध्यक्षपद नामवंत शिक्षणतज्ज्ञाकडे जाते आणि नॅकचे संचालक तिचे सदस्य-सचिव असतात. देशभरातल्या महाविद्यालयांच्या फायली पूर्ण समितीपुढे एकेक करून येणे शक्य नाही, म्हणून त्यासाठी स्थायी समिती असते. तिच्या बैठका झाल्या की निकालांच्या याद्या लागतात.

या बैठकीच्या टेबलावर काय असते, ते पाहू. 2017 मध्ये आलेल्या पद्धतीत साधारण 70 टक्के भार आकडेवारीवर असतो. ही आकडेवारी महाविद्यालय स्वयंमूल्यांकन अहवालात ऑनलाइन भरते आणि डीव्हीव्ही नावाची पडताळणी यंत्रणा ती तपासते. उरलेला सुमारे 30 टक्के भाग पिअर टीमचा. आषाढीचेच उदाहरण घ्या. वारी संपल्यावर आपल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची मुले हातात झाडू आणि पोती घेऊन वाळवंटात, घाटांवर, भक्तिमार्गावर उतरतात. पावसाने चिखल झालेला, पत्रावळ्यांचे ढीग, आणि त्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरे सकाळपासून वाकलेली. हे काम निर्णयाच्या टेबलावर कसे पोहोचते? तिसऱ्या निकषातील ‘विस्तारकार्य’ या मापकाखाली, सहभागी विद्यार्थ्यांच्या आकड्याच्या रूपाने, एका पीडीएफच्या दुव्यासह. त्या पीडीएफमध्ये उपक्रमाचा अहवाल, सहीनिशी हजेरीची यादी आणि अक्षांश-रेखांश उमटलेले जिओटॅग फोटो. फोटोवर स्थळ-वेळ नसेल, यादीतली संख्या अहवालातल्या संख्येशी जुळत नसेल, तर डीव्हीव्हीकडून खुलासा मागवला जातो आणि खुलासा अपुरा ठरला तर आकडा खाली येतो. काम झालेच नाही, असा त्याचा अर्थ नसतो. बंगळुरूला ते दिसले नाही, एवढाच असतो. म्हणून महाविद्यालयातल्या आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकांनी प्राध्यापकांच्या मागे कागदांसाठी लकडा लावला, तर त्यांच्यावर वैतागू नये.

एका आकड्याने काय फरक पडतो, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. सगळ्या मापकांचा एकूण भार 1000. प्रत्येक मापकाला 0 ते 4 गुण. गुण गुणिले भार, सगळ्यांची बेरीज, भागिले 1000, म्हणजे सीजीपीए. समजा 10 भाराच्या एका मापकात महाविद्यालयाला 2 ऐवजी 3 गुण मिळाले. बेरजेत 10 ची भर पडली आणि सीजीपीए 0.01 ने वाढला. आता ग्रेडची कोष्टके आठवा : 2.51 ते 2.75 ला बी प्लस, 2.76 ते 3.00 ला बी प्लस प्लस. एका मापकातल्या एका गुणाने 2.75 चे 2.76 होतात आणि दालनातल्या चौकटीवरचे अक्षर पाच वर्षांसाठी बदलते. इतक्या बारीक रेषेवर निर्णय उभा असेल, तर तो प्रत्यक्ष भेटीला आलेल्या, पाहुणचार घेतलेल्या आणि ओळखी झालेल्या माणसांच्या हाती न देणेच शहाणपणाचे. पिअर टीममध्ये त्या राज्याबाहेरचीच माणसे नेमतात, त्यामागेही हेच कारण.

पंढरपूरकरांना ही विभागणी नवी नाही. विठ्ठल मंदिराच्या कारभाराची चौकशी नाडकर्णी आयोगाने केली आणि अहवाल दिला. परंपरागत हक्कांचे काय करायचे, हे ठरवले विधिमंडळाने, 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने. त्यावरची हरकत ऐकली न्यायालयांनी; शेवटचा शब्द जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा. निकालाबद्दल गावात मते वेगवेगळी आहेत आणि राहतील. पण पाहणारा, ठरवणारा आणि दाद ऐकणारा या तीन जागा तिथे वेगळ्या होत्या, हे कोणालाही मान्य करावे लागेल.

नॅकमध्ये पहिल्या दोन जागा कागदावर वेगळ्या आहेत. तरी घोटाळा शिरायचा तो शिरतोच. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन 2022 मध्ये कार्यकारी समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात नेमलेल्या एका तपास समितीने माहिती-यंत्रणेतील आणि तज्ज्ञांच्या नेमणुकीतील त्रुटींवर बोट ठेवले : यादीतल्या बहुसंख्य तज्ज्ञांना भेटीला जाण्याची संधीच मिळाली नव्हती आणि काही जण पुन्हा पुन्हा जात होते. काही संस्थांना मिळालेल्या ग्रेडबद्दल जाहीर शंका घेऊन पटवर्धनांनी मार्च 2023 मध्ये पद सोडले. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेच्या मूल्यांकनात लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. खाली शिफारस करणारा विकला गेला, तर वर बसलेल्या समितीपुढे गोमटे कागदच येतात. वरच्या समितीने ते उलटून पाहिले नाहीत, तर जागा वेगळ्या असून नसल्यासारख्याच.

शिकागोतल्या हायर लर्निंग कमिशनची व्यवस्था इथे तुलनेसाठी उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या या मोठ्या मूल्यांकन संस्थेत ‘इन्स्टिट्यूशनल ॲक्शन्स कौन्सिल’ नावाचे मंडळ आहे. भेटीला गेलेल्या टीमची शिफारस या मंडळापुढे येते. मंडळावर अनुभवी प्राध्यापक-प्रशासक असतात, तसेच शिक्षणक्षेत्राबाहेरचे, जनतेच्या वतीने बसलेले सदस्यही असतात. नेहमीची प्रकरणे कागदांवर निकालात निघतात. काही प्रकरणांत सुनावणी होते : महाविद्यालयाचे प्रतिनिधी समोर बसतात, टीमचे अध्यक्षही असतात, सदस्य दोघांना प्रश्न विचारतात आणि मग ठरवतात. शिफारस मान्य करण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. मान्यता काढून घेण्यासारखे कठोर निर्णय संचालक मंडळाकडे जातात. आणि अशा निर्णयाविरुद्ध अपील केले, तर अपील ऐकणाऱ्यांत निर्णय घेणाऱ्या मंडळाचा विद्यमान सदस्य असू नये, असा तिथल्या केंद्र सरकारचा नियमच आहे.

आपल्याकडे नेमकी ही तिसरी जागा कच्ची आहे. ग्रेड मान्य नसेल तर महाविद्यालयाला ठरलेल्या मुदतीत, शुल्क भरून अपील करता येते. अपील समिती प्रकरण तपासते, पण ती फक्त शिफारस करते. ती शिफारस जाते कार्यकारी समितीपुढे आणि कार्यकारी समिती म्हणेल ते अंतिम. ज्यांनी निकाल दिला, त्यांच्याच दारात दाद. कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयासारखे रयतचे जुने, मोठ्या संस्थेचे पाठबळ असलेले महाविद्यालय अशा प्रक्रियेला पुरे पडेल. तालुक्यातल्या एखाद्या लहान महाविद्यालयाने, जिथे समन्वयकच वर्गही घेतो आणि परीक्षेचे कामही पाहतो, त्याने काय करावे? बहुतेक वेळा ते गप्प राहते आणि पुढच्या फेरीची वाट पाहते. हे मला बरोबर वाटत नाही. अपिलाचा निर्णय कार्यकारी समितीबाहेरच्या माणसांनी द्यावा, आणि शिफारशीपेक्षा वेगळा निकाल लागला असेल तर त्याची कारणे चार ओळींत का होईना महाविद्यालयाला लेखी कळवावीत. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. कार्यकारी समितीने आपल्याच बैठकीत ठरवले तरी पुरे.

समिती मोठे बदल करू शकते, हे तिने दाखवलेही आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशी स्वीकारून जानेवारी 2024 मध्ये नॅकने ग्रेडच्या जागी ‘मूल्यांकित’ किंवा ‘मूल्यांकित नाही’ अशी दुहेरी पद्धत आणायचे ठरवले. उंबरठ्यावरच्या संस्थांसाठी ‘प्रतीक्षेत’ असा मधला वर्ग आणि पुढे जाऊ पाहणाऱ्यांसाठी पहिली ते पाचवी पातळी. 2.75 आणि 2.76 चे भांडण त्यामुळे मिटेल. पण उंबरठ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवणारी खोली तीच राहील, आणि बाहेर राहिलेल्याचे नुकसान एका प्लसपेक्षा कितीतरी मोठे असेल.

पुढील लेखांकात : दुहेरी पद्धतीत सोलापूर जिल्ह्यातल्या ग्रामीण महाविद्यालयांना कोणकोणती कागदपत्रे आतापासून तयार ठेवावी लागतील.