जुना हॉट टब घेतलात? आधी पाणी, मग करंट

लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग या भागांतील एखादे हॉटेल किंवा बंगला नव्याने सजवायला काढला जातो, तेव्हा पलंग, एसी, गीझर यांच्यासोबत कधीकधी एक मोठा चौकोनी टबही जुन्या मालाच्या टेम्पोत चढतो. "बंद आहे, उचलून न्या," असे सांगून मालक तो देऊन टाकतो. घेणारा तो पुसूनपासून एखाद्या फार्महाऊसवाल्याला विकतो आणि आठ दिवसांत फोन येतो, "भाई, तुम्ही दिलेला टब चालतच नाही." मग प्लंबर येतो. तो म्हणतो, दोष वायरिंगचा. वायरमन येतो. तो म्हणतो, दोष पाइपचा. दोघांची मजुरी जाते आणि टब तसाच पडून राहतो.

आपल्या वाचकांत जुन्या मालाचे व्यापारी आहेत, मोटार बांधणारे आहेत, प्लंबर-वायरमन तर आहेतच. या तिघांचा ज्या वस्तूशी एकाच वेळी संबंध येतो, अशी ही वस्तू आहे. म्हणून तिची थोडी तपशीलवार माहिती करून घेणे फायद्याचे ठरेल.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. बाजारात सगळ्यालाच 'जकूझी' म्हणतात. जकूझी हे अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन भावांचे आडनाव. त्यांचा धंदा पंपांचा. घरातील एका लहान मुलाला संधिवात होता, त्याला पाण्याचा शेक मिळावा म्हणून त्यांनी १९५६ साली नेहमीच्या बाथटबमध्ये सोडता येईल असा पंप बाजारात आणला. पुढे १९६८ मध्ये जेट आतच बसवलेला टब आला. आज या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक बाथरूममधला टब. त्यात प्रत्येक वेळी पाणी भरायचे आणि स्नान झाले की सोडून द्यायचे. दुसरा खरा हॉट टब. त्यात तेच पाणी आठवडेच्या आठवडे राहते, फिल्टरमधून फिरते, हीटरवर तापते आणि औषधाने शुद्ध ठेवले जाते. पहिल्यात फिल्टर नसतो आणि बहुधा हीटरही नसतो. पहिला दुसऱ्याच्या भावाने घेतलात तर फसलात. बाजूची फळी काढून आत पाहिले की एका मिनिटात उलगडा होतो. या लेखात आपण दुसऱ्या प्रकाराविषयी बोलत आहोत.

फळी काढलीच आहे तर मोटारीवरची पाटी वाचा. तिच्यावर ६० हर्ट्झ लिहिले असेल तर तिथेच थांबा. आपल्याकडील वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. दुबईतही ५० हर्ट्झच, पण सौदी अरेबियात आणि अमेरिकेत ६०. साठची मोटार पन्नासवर लावली तर ती सहाव्या हिश्श्याने हळू फिरते, पाणी कमी ढकलते आणि वर तापते. अमेरिकन टबात आणखी एक खोच आहे. तिथे दोन फेजमध्ये २४० व्होल्ट आणि एका फेज-न्यूट्रलमध्ये १२० व्होल्ट मिळतात. टबातील काही भाग २४० वर चालतात, काही १२० वर. आपला वायरमन सवयीने फेज आणि न्यूट्रल जोडतो, १२० च्या भागांवर २३० व्होल्ट येतात आणि कंट्रोल बोर्ड जळतो. असा टब घ्यायचा असेल तर मोटार आणि कंट्रोल बॉक्स दोन्ही बदलण्याचा खर्च आधीच भावात धरावा.

पाटी ठीक असेल तर आता पाणी. नवा मालक सर्वांत मोठी चूक करतो ती ही, की टब कोरडा असताना "चालू होतो का पाहू" म्हणून बटण दाबतो. पाण्याविना फिरलेल्या पंपाचे सील जळते. हीटर चालू झाला तर त्याची कॉइल जाते. बंद म्हणून आलेला टब पुष्कळदा असाच तपासून-तपासून बंद पडलेला असतो.

भरण्यापूर्वी आतले सर्व युनियन नट हाताने आवळून घ्यावेत. रिकाम्या टबाचे वजनही दोनशे-तीनशे किलो असते, तो आडवा-उभा करून टेम्पोत चढवताना ते नट ढिले होतात आणि वायसर सरकतात. घरी आल्यावर दिसणाऱ्या बहुतेक गळत्या इथल्याच असतात. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे आहेत ना, पाहावे. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही पाहावे. बंद टब ही उंदरांची आवडती जागा आहे. मग नळी टबात न सोडता फिल्टरच्या खोबणीत सोडून पाणी भरावे. असे केल्याने पाइपातली हवा पाण्यापुढे निघून जाते.

तरीही मोटार फिरते पण जेटमधून पाणी येत नाही, ही तक्रार येतेच. तेव्हा पंप बिघडला असे समजू नये. पंपात हवा अडकलेली असते. मेन बंद करून पंपाच्या वरच्या बाजूचा युनियन नट थोडा ढिला करावा. फुस्स आवाज येईल, मग पाणी ठिबकू लागेल, की लगेच आवळावा. बोअरवेलचा पंप ज्याने एकदा तरी हवा काढून चालू केला आहे, त्याला यात नवे काही नाही.

मोटार नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर दोन कारणे असू शकतात. महिनोन्महिने पडून राहिल्याने शाफ्ट जाम झाला असेल; मेन बंद करून पंख्याच्या बाजूने तो हाताने फिरवून पाहावा. किंवा कपॅसिटर गेला असेल. त्यात वीज साठून राहते, म्हणून त्याला हात लावण्यापूर्वी तो डिस्चार्ज करावा आणि जितक्या मायक्रोफॅरडचा असेल तितक्याचाच नवा बसवावा. पंपाखालून पाणी ठिबकत असेल तर शाफ्टचे सील गेले आहे. हे काम मोनोब्लॉक पंपासारखेच आहे. ज्यांचा हात त्यावर बसला आहे, त्यांनी हॉट टबाचे नाव ऐकून मागे सरण्याचे कारण नाही.

गळती सापडत नसेल तर घाई करून फोम उकरत बसू नये. पाण्याची पातळी पेन्सिलीने आखून टब रात्रभर बंद ठेवावा. पातळी उतरून एका उंचीवर थांबली तर गळती त्याच उंचीवर आहे. त्या रांगेतले जेट तपासावेत. बंद असताना पातळी टिकते आणि पंप चालू केल्यावरच उतरते, तर पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला शोधावे.

हीटरच्या तक्रारीत निम्मे प्रकरण धीराचे असते. हिशेब सोपा आहे. एक हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे १५ युनिट वीज लागते. तीन किलोवॉटचा हीटर असेल तर पाच तास, आणि वर झाकण नसेल तर त्याहून जास्त. गिऱ्हाईक अर्ध्या तासाने हात घालून "गरम होत नाही" म्हणते. त्याला हा हिशेब विकतानाच सांगून ठेवावा. विजेच्या बिलावरून होणारी भांडणेही त्याने टळतील. झाकण उचलून पाहावे. फार जड लागले तर आतल्या थरमोकोलात पाणी मुरले आहे आणि त्याचा उपयोग संपला आहे.

हीटर खरोखरच चालू होत नसेल तर पडद्यावरचा संकेत पाहावा. प्रवाह कमी असल्याची खूण आली तर फिल्टर बाहेर काढून टब पाच मिनिटे चालवावा. खूण गेली तर दोष फिल्टरचा. जुना फिल्टर धुऊन वापरण्याचा मोह करू नये. एरवी मेन बंद करून, वायरी सोडवून कॉइल मोजावी. तीन किलोवॉटची कॉइल २३० व्होल्टवर साधारण साडेसतरा ओहम दाखवते, दोन किलोवॉटची साडेसव्वीस. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे कॉइलवर क्षार चढून ती आतल्या आत फुटते. गीझरमध्ये हे आपण रोज पाहतो.

आता ज्या तीन बाबतींत तडजोड चालणार नाही, त्यांकडे येऊ.

पहिली बाब विजेची. तीन किलोवॉटचा हीटर एकटाच १३ अँपिअर ओढतो, त्यात पंप वेगळा. गीझरच्या पॉइंटवरून हे भागत नाही. मीटरपासून वेगळी लाइन, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. जुना टब जोडला की हा आरसीसीबी पडतो, आणि "हा फार नाजूक आहे, काढून टाका" असे सांगणारे मिस्त्री मी स्वतः पाहिले आहेत. एका ठिकाणी तर तो काढून नुसता एमसीबी लावला होता आणि मालक खूश होता, कारण आता काही 'पडत' नव्हते. पाण्यात बसलेल्या माणसाचे अंग ओले असते, त्याला दुसरा कोणताही आडोसा नसतो. आरसीसीबी पडतो याचा अर्थ करंट कुठेतरी गळतो आहे. मेन बंद करून हीटरच्या दोन्ही वायरी सोडाव्यात, टोके टेपने झाकावीत, मग चालू करावे. पडायचा थांबला तर कॉइल खराब. तरीही पडत असेल तर ओझोनचा डबा, हवेचा ब्लोअर, पंप असे एकेक सोडत जावे. ब्लोअरमध्ये पाणी उतरल्याचे पुष्कळदा आढळते. सगळे सोडूनही पडतो, तर लाइनमध्येच न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र झाले आहेत.

दुसरी बाब तळाच्या जाळीची. ज्या छिद्रातून पंप पाणी ओढतो, त्यावरची जाळी तुटलेली असेल तर टब कोणालाही वापरू देऊ नये. ओढ इतकी जबर असते की केस किंवा अंग चिकटले तर मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशाच टबात अडकून बुडाली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे या जाळ्यांविषयी स्वतंत्र कायदा झाला. दोनच स्क्रूंवर बसणारी ही वस्तू असते. ती नसेल तर योग्य मापाची मिळेपर्यंत सौदा थांबवावा. स्वयंपाकघरातली जाळी कापून बसवू नये.

तिसरी बाब डोळ्यांना दिसत नाही. बंद टबाच्या पाइपांत थोडे पाणी राहतेच, आणि त्यात जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. टब चालू केल्यावर जेटमधून पांढरे-काळे पापुद्रे येतात, ते याचेच. लेजिओनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. टबात बसावेच लागते असे नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोवेनकार्सपेल येथे फुलांच्या प्रदर्शनात नुसता दाखवण्यासाठी चालू ठेवलेल्या अशा टबाच्या तुषारांमुळे किमान ३२ माणसे दगावली. त्यांत बहुतेक जण फक्त जवळून गेलेले लोक होते. दुकानाच्या दारात गिऱ्हाइकाला दाखवायला टब चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उपाय अवघड नाही, पण वेळ लागतो. टब भरून त्यात पाइप साफ करण्याचे औषध टाकावे, सर्व जेट चालवावेत, पाणी सोडून द्यावे. पापुद्रे येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. मग ताजे पाणी भरून क्लोरिनचा जादा डोस द्यावा आणि टब उघडा ठेवून पंप चालवावा. त्या वेळी जवळ थांबू नये. रोजच्या वापरात क्लोरिन ३ ते ५ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. तपासण्याच्या पट्ट्या स्विमिंग पूलच्या सामानाच्या दुकानात मिळतात. दोन प्रकारची क्लोरिनची औषधे एकत्र करू नयेत आणि क्लोरिनजवळ ॲसिड नेऊ नये, विषारी वायू होतो. पाणी ४० अंशांवर नेऊ नये. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात उतरू नये.

टब कुठे ठेवणार, हेही गिऱ्हाइकाला विचारावे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टब आणि चार माणसे धरून दीड टनाच्या वर जाते. जुन्या बंगल्याच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत तो ठेवायचा असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय माल उतरवू नये.

राहता राहिला सौद्याचा प्रश्न. पाणी भरून चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. तशी सोय नसेल तर बयाणा देऊन बाकी चाचणीनंतर, असे ठरवावे. सोय मुळीच नसेल तर तो टब बंद आहे असे धरूनच भाव करावा: पंप, कॉइल, फिल्टर, झाकण या चारही वस्तू नव्या घ्याव्या लागतील. विकतानाही तसेच. पावतीवर मोटारीचे व्होल्ट आणि हर्ट्झ, हीटर किती किलोवॉटचा, जाळ्या शाबूत आहेत की नाहीत, कोणता भाग बदलला आणि पाण्यावर चाचणी कोणत्या तारखेला झाली, हे लिहून द्यावे आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी. आरसीसीबी गिऱ्हाइकाने स्वतःच्या वायरमनकडून बसवून घ्यायचा आहे, ही ओळ पावतीवर वेगळी आणि ठळक अक्षरांत असावी.