सरकून घ्या, अजून दोघं बसतील!

जुन्या एसयूव्हीत मागे जादा सीट टाकायचा विचार आहे? मग आधी एक सांगा, तिथे बसणार कोण?

'अरे सरका जरा, अजून एक जण मावेल!' हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही, तो मराठी घरातला असूच शकत नाही. आपल्याकडे घरची गाडी काळी-पिवळीसारखीच असते, 'फुल्ल झाली' असं कुणी म्हणतच नाही. १९९४ मध्ये टाटा सुमो आली, २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. या गाड्यांच्या डिकीत समोरासमोर बसून, गुडघ्याला गुडघा लावून, भेंड्या खेळत आपली अख्खी पिढी देवदर्शनं करत मोठी झाली. बोलेरो आणि स्कॉर्पिओ तर आपल्या नाशिकच्याच कारखान्यातल्या. त्यामुळे या भागात त्यांना घरातल्या माणसाचा मान!

गंमत अशी की, आता आपण कमावते झालोय, पण गावाकडची गाडी तीच आहे. कुटुंब मात्र वाढलंय. नवी मोठी गाडी घ्यायची तर ईएमआयचा आकडा बघूनच घाम फुटतो. मग कुणीतरी आयडिया काढतं, जुन्या गाडीतच दोन सीटा वाढवल्या तर?

सिन्नरच्या माझ्या मामाने हेच ठरवलं होतं. गाडी बोलेरो, २०१२ ची, पासिंग सात जणांचं. पुढे दोन, मध्ये तीन आणि मागे आडव्या दोन. घरात माणसं नऊ. मामा-मामी, आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि दोन चिल्लीपिल्ली. मागच्या दोन सुट्या सीटा काढून दोन्ही बाजूंना लांब बाकं बसवायची, की झाला हिशोब पूर्ण. मी त्याच्याबरोबर एका सीटवाल्याकडे गेले. त्याने फोम दाखवला, रेक्झिनचे चार रंग दाखवले, 'एका दुपारचं काम' म्हणाला. मी विचारलं, 'बोल्ट कुठे बसणार?' तो म्हणाला, 'पत्र्यालाच की!' आणि बेल्ट? 'मागे कोण बेल्ट लावतं, मॅडम?'

खरा मुद्दा इथेच आहे, मंडळी. सीट म्हणजे गादी नव्हे. गादी दिसते, दाबून बघता येते, म्हणून आपण तिच्यावरच भाव करतो. पण अपघातात कामाला येतं ते गादीखालचं. सीट गाडीच्या सांगाड्याला ज्या जागी घट्ट धरलेली असते, ती जागा कंपनी मजबुती देऊन बनवते आणि तिची चाचणी घेते. साध्या पत्र्याला भोक पाडून लावलेला बोल्ट रोजच्या हादऱ्यांत टिकेलही. जोराच्या धडकेत मात्र तो पत्रा फाडून बाहेर येऊ शकतो. मग सीट आणि सीटवरचा माणूस, दोघंही पुढे फेकले जातात.

किती जोरात? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी आदळणं म्हणजे साधारण १४ मीटरवरून, चार मजल्यांवरून खाली पडणं. वेग दुप्पट झाला की मार चौपट. आणि सिन्नर आता पूर्वीचं राहिलेलं नाही. गोंदे इथे समृद्धी महामार्गाला चढता येतं आणि तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. मोहदरी घाटात रांगत जाणारी गाडी आता शिर्डीला जाताना शंभरी गाठते. गाडी जुनीच, रस्ता मात्र नवा!

आडव्या सीटांची अडचण वेगळी. धडक समोरून बसते आणि आपण बसलेलो असतो कडेला तोंड करून. बेल्ट असला तरी शरीर बाजूला मुडपतं. मान आणि कणा अशा झटक्यासाठी बनलेलेच नाहीत. युरोपियन संघाने तर २००५ च्या निर्देशाने नव्या कारमध्ये अशा सीटांना मनाईच केली. आपल्याकडे त्या चालतात, पण कंपनीने मंजुरी घेऊन बसवलेल्या.

'अरे, पण कंपनीच नऊ सीटची बोलेरो प्लस विकायची ना!' हा मामाचा हुकमी एक्का. बरोबर आहे. पण ती गाडी नऊ जणांसाठीच आखलेली आणि तशीच पास झालेली. आपली सातची. दोन माणसं, वर बाकांचं वजन, वर सामान, हे सगळं मागच्या चाकांवर आणि त्यांच्याही मागे येतं. मग मागचे टायर, पाटे आणि ब्रेक यांच्यावर ताण पडतो, पुढचा भाग हलका होतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

कायदाही इथे गप्प नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीतली नोंद आणि कंपनीचं स्पेसिफिकेशन यांच्याशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. शिवाय खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की रजिस्ट्रेशन वाढवायला आरटीओ तपासणी असते, तिथे बाकं लपणार कशी? आणि इन्शुरन्सवाल्याला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी महागात पडू शकतो.

पण मामाला दंडाने फरक पडला नाही. त्याला गप्प केलं ते एका साध्या प्रश्नाने. मी विचारलं, 'त्या बाकांवर बसणार कोण?' आजीला पाय दुमडता येत नाहीत. मामा गाडी चालवणार. मोठ्यांना दाटीवाटी नको. उरली कोण? पोरं! म्हणजे गाडीतली सगळ्यात कच्ची जागा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला. आपण सगळेच हे करतो, आणि तेही लाडाने.

मागे बसलं म्हणजे सेफ, हा समज तर सोडूनच द्या. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी गेले. गाडी महागडी होती, पण मागच्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

शेवटी मामाकडे ठरलं ते असं. धाकटा मुलगा आपली छोटी कार काढतो, बोलेरोत सातच जण. पोरं मधल्या रांगेत, बेल्ट लावून. मामा दोन दिवस फुगून होता, पण बाकांची ऑर्डर त्याने दिली नाही.

तुमच्याही घरी हा विषय निघाला तर एवढं कराच :
• आरसीवर किती सीट आहेत ते बघा. त्या आकड्यात ड्रायव्हरही धरलेला असतो.
• आधी आरटीओत लेखी विचारा, पाना नंतर हातात घ्या.
• सीटवाल्याला रंग विचारण्याआधी बोल्ट आणि बेल्ट विचारा.
• मुलांना पुढे तोंड असलेल्या, बेल्टच्या सीटवरच बसवा. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर १ हजार रुपये दंड आहे.
• वर्षातून दोनदाच नऊ जण जात असतील, तर दुसरी गाडी भाड्याने घ्या.

डीमार्टच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत नऊ काय, बारा जणही मावतील. प्रश्न मावण्याचा नाही. समोरचा ट्रक अचानक थांबला, तर त्यातले किती जण आपापल्या जागी राहतील, तो आहे!