‘डर’ : टाळ्या कोणासाठी?

महाविद्यालयातील प्रेम हा हिंदी चित्रपटांचा जुना, हुकमी विषय. यश चोप्रा यांनी १९९३ साली ‘डर’मध्ये त्यातूनच भय उभे केले. किरणचे प्रेम नौदलातील सुनीलवर. तिच्याच महाविद्यालयातला राहुल मात्र तिच्या नकळत तिच्यावर हक्क सांगतो. समोर येण्याचे धैर्य नाही, म्हणून तो दूरध्वनीवरून तिच्या घरात शिरतो. मधुचंद्रासाठी स्वित्झर्लंडला गेलेल्या जोडप्याचाही माग काढतो.

शाहरुख खान यांनी राहुल असा काही रंगविला की, प्रेक्षकांची सहानुभूती नायकाला सोडून त्याच्याकडे गेली. शिव-हरींच्या मधुर संगीताने तर त्याच्या पाठलागालाच प्रणयाचा साज चढविला. जुही चावलांच्या डोळ्यांतले भय टाळ्यांत बुडाले. उषा किरण यांच्या कन्या तन्वी आझमी यांनी साकारलेली वहिनी घरात आहे. पण घरही किरणला अभय देऊ शकत नाही. पुढे चित्रपटाला निकोप मनोरंजनाचे राष्ट्रीय पारितोषिकही लाभले!

याला प्रेमाचा त्रिकोण म्हणावे काय? किरणने आपली निवड केव्हाच केली होती. तिसरी रेघ राहुलने एकट्याने ओढली. अशा पाठलागाला कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविले ते २०१३ साली, म्हणजे वीस वर्षांनी.

कायदा आला, घरांचे काय? ‘कोणीतरी मागे येतो’ असे मुलीने सांगितले की, आपण आधी तिचेच बाहेर जाणे बंद करतो. त्या ‘कोणीतरी’ला कोण विचारणार?